ऊसतोड टोळीबरोबरचा पहिला हंगाम: पुणे जिल्ह्यात नव्याने काम सुरू करणाऱ्यांसाठी

दिवाळीच्या मागेपुढे बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी, धाराशिव या जिल्ह्यांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या निघतात आणि बारामती, इंदापूर, दौंड, शिरूर, आंबेगाव, जुन्नर या तालुक्यांत येऊन उतरतात. पुढचे चार ते सहा महिने कारखान्याच्या तळावर, कालव्याच्या कडेला किंवा उसाच्या फडाशेजारच्या पडीक रानात कोपी, म्हणजे पाचटाची झोपडी, घालून राहायचे, पहाटे तोडीला जायचे आणि रात्री-अपरात्री वाहन येईल तेव्हा मोळ्या भरायच्या, असा त्यांचा दिवस असतो. पुणे शहरातून या कुटुंबांसाठी काही करावे म्हणून येणारे विद्यार्थी, परिचारिका, नवे वकील आणि शिक्षक मला दर हंगामात भेटतात. त्यांच्या मनात कळकळ असते, पण कोणत्या दारात कोणता कागद घेऊन जायचे हे माहीत नसल्यामुळे पहिला महिना धावपळीतच जातो. त्यांच्यासाठी ही माहिती कामाच्या क्रमाने लिहीत आहे.

आधी एक गोष्ट समजून घ्यावी. चहा, कॉफी, रबर यांच्या मळ्यांतील कामगारांसाठी १९५१ साली मळे कामगार कायदा झाला आणि घर, दवाखाना, पिण्याचे पाणी, मुलांची शाळा, तसेच पन्नास किंवा त्याहून अधिक स्त्रिया कामावर असतील तेथे पाळणाघर ही मळेमालकाची कायदेशीर जबाबदारी ठरली. या तरतुदी आता २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत समाविष्ट झाल्या असून ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. ऊस मात्र मळ्याच्या त्या व्याख्येत कधीच आला नाही. त्यामुळे चहाच्या मळ्यातील बाईला जे एका कायद्याने आणि एकाच मालकाकडून मागता येते, ते उसाच्या फडातील बाईसाठी आपल्याला दहा ठिकाणांहून गोळा करावे लागते. हे काम किचकट असले तरी अशक्य नाही.

पहिली पायरी: कोयता मोजू नका, माणसे मोजा

ऊसतोडीच्या हिशोबात नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ होतात आणि एकटे माणूस म्हणजे ‘अर्धा कोयता’. उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, नवऱ्याच्या नावावर दिली जाते, कागदावर अंगठा त्याचा असतो, हिशोबाच्या दिवशी पैसेही त्याच्याच हातात पडतात. बायको त्याच्या बरोबरीने, पुष्कळदा त्याच्याहून अधिक राबते; ऊस तोडते, मोळी बांधते, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढते, आणि तरीही तिचे नाव कोणत्याच वहीत सापडत नाही. पुढे अपघात झाला, बाळंतपण आले किंवा मजुरीचा वाद उभा राहिला की नेमके हे नसलेले नावच आडवे येते. म्हणून तुमचे पहिले काम औषध वाटण्याचे नसून नावे लिहिण्याचे आहे.

एक साधी दोनशे पानी वही घ्या आणि प्रत्येक माणसाला स्वतंत्र पान द्या. नाव, वय, मूळ गाव व तालुका, टोळी आणणाऱ्या मुकादमाचे नाव, कोणत्या तारखेला तळावर उतरले, रेशनकार्ड कुठे आहे, स्त्री गरोदर असल्यास कितवा महिना, मुले किती, त्यांतली बरोबर किती आणि गावी आजीपाशी किती, एवढे पुरे. आधारकार्डाचे फोटो स्वतःच्या फोनमध्ये साठवू नका. तो विश्वास अजून तुम्ही कमावलेला नाही. दुपारी गेलात तर तळावर म्हातारी माणसे आणि लेकरेच भेटतील, म्हणून संध्याकाळी चुली पेटल्यावर जावे. बायकांशी बायकांनीच बोलावे आणि बोलताना ‘मावशी’, ‘अक्का’, ‘दादा’ असे म्हणावे. ‘मॅडम’, ‘सर’ म्हटल्यावर बाई सरकारी माणसाला उत्तर देते तसे उत्तर देते.

मुकादमाला टाळून तळावर शिरू नका. बरेच मुकादम स्वतः कधीकाळी कोयता धरलेले असतात आणि दिलेली उचल बुडण्याची भीती त्यांच्या डोक्यावर कायम असते. तुम्ही लेकरांच्या लसी आणि बायकांची तपासणी यासाठी आला आहात, हे पहिल्याच दिवशी त्यांना उघडपणे सांगा. मजुरीचा विषय पुढे निघणारच आहे, पण तोवर तुमचे तळावर येणे-जाणे रुळलेले असावे.

दुसरी पायरी: कागद

ऊसतोड कामगारांचे ओळखपत्र मूळ गावच्या ग्रामपंचायतीतून, ग्रामसेवकामार्फत नोंदणी होऊन मिळते. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाच्या योजनांसाठी हेच ओळखपत्र पाया मानले जाते. हे महामंडळ सामाजिक न्याय विभागाखाली येते आणि त्याच्या निधीसाठी गाळपाच्या उसावर टनामागे १० रुपये आकारण्याचे ठरलेले आहे. ओळखपत्र नसल्यास हंगामात गावी फोन करून ग्रामसेवकाकडून नोंदणीची स्थिती विचारून घ्या आणि अर्ज पती-पत्नीचा वेगवेगळा झाला आहे ना, याची खात्री करा. त्याबरोबरच जवळच्या सेवा केंद्रातून १६ ते ५९ वयाच्या प्रत्येकाचे असंघटित कामगार म्हणून नोंदणीचे ई-श्रम कार्ड काढावे. त्याला पैसे लागत नाहीत.

रेशनकार्ड गावचे असले तरी अंगठा देऊन पुणे जिल्ह्यातील दुकानातून धान्य उचलता येते. गावी राहिलेल्या आजी-आजोबांसाठी थोडे तिकडे आणि बाकीचे इकडे असेही घेता येते. दुकानदार नाही म्हणाला तर तहसील कार्यालयातील पुरवठा निरीक्षकाकडे लेखी तक्रार द्यावी.

कागदांच्या बाबतीत मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते माता-बाल संरक्षण कार्ड. दौंड तालुक्यातील एका तळावर आठवा महिना लागलेली एक मुलगी मला भेटली होती. गावी तिच्या तीन तपासण्या झाल्या होत्या, रक्त कमी असल्याची नोंद झाली होती, गोळ्याही सुरू होत्या. पण कार्ड गावच्या घरी पत्र्याच्या पेटीत राहिले होते आणि पेटीची किल्ली सासूच्या कमरेला होती. इथल्या परिचारिकेला तिचे रक्त तपासण्यापासून सगळे पुन्हा करावे लागले आणि तोवर पंधरा दिवस निघून गेले. आता मी पहिल्याच भेटीत गावच्या आशाताईंना फोन लावायला सांगते आणि कार्डाच्या प्रत्येक पानाचा फोटो मागवून त्या बाईच्याच घरच्या फोनमध्ये ठेवायला लावते.

तिसरी पायरी: दवाखान्याची वाट आधी चालून पाहा

आजारी माणूस घेऊन निघण्याआधी, एखाद्या निवांत दिवशी तळापासून आरोग्य उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ग्रामीण रुग्णालय किती अंतरावर आहे ते स्वतः जाऊन पाहा. तेथील आशा, आरोग्यसेविका आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांना तळाची जागा व माणसांची संख्या लेखी कळवा. टोळी बाहेरच्या जिल्ह्यातली आहे म्हणून तपासणी, लसीकरण किंवा अंगणवाडीचा आहार नाकारता येत नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार निःशुल्क आहेत, म्हणजे प्राथमिक केंद्रापासून औंधच्या जिल्हा रुग्णालयापर्यंत केसपेपरचेही पैसे लागू नयेत. ससून रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाकडे असल्याने तो निर्णय तिथे लागू नाही. तिथे जाताना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड आणि आधार बरोबर हवे. या योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे ठरावीक उपचार मिळतात आणि अंगीकृत रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्रापासून सुरुवात करायची असते. पैसे भरण्याआधी आरोग्यमित्राला भेटावे, कारण आधी भरलेले पैसे परत मिळवताना फार दमछाक होते.

खासगी मोठ्या रुग्णालयात जाण्याची वेळ आली तर ते धर्मादाय संस्थेचे आहे का, ते विचारा. पुण्यातील अनेक नामांकित रुग्णालये तशी आहेत आणि त्यांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत व आणखी १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात. तेथील समाजसेवा विभागात उत्पन्नाचा दाखला किंवा पिवळे रेशनकार्ड दाखवून अर्ज द्यावा आणि दाद लागली नाही तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात तक्रार करावी.

फडातले आणि कोपीतले धोके शहरातून आलेल्या माणसाला सहसा ठाऊक नसतात. मण्यार हा साप रात्री बाहेर पडतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. त्याच्या दंशाची खूण बहुधा दिसत नाही, जागेवर सूजही येत नाही. माणूस पहाटे पोटात दुखते म्हणून उठतो, मग पापण्या जड होतात, घास गिळवत नाही आणि श्वास लागतो. कोपीत झोपलेल्या माणसाला अशी लक्षणे दिसली तर पोटदुखीची गोळी देत बसू नका. सर्पदंश समजूनच १०८ ला फोन करा आणि सर्पदंशाची लस उपलब्ध असलेल्या रुग्णालयात पोहोचवा. दोरी आवळणे, जखम कापणे, देवाच्या पारावर नेणे यात गेलेला तास परत येत नाही. मच्छरदाणी गोधडीखाली नीट खोचून झोपल्याने हा धोका बराच टळतो, म्हणून मदत म्हणून काही वाटायचेच असेल तर मच्छरदाण्या वाटा.

उसाचे पाते डोळ्याला लागणे हे रोजचेच आहे. बुबुळावर ओरखडा येतो आणि त्यात बुरशी धरते. मेडिकलमधून विचारून आणलेल्या थेंबांत स्टेरॉइड असेल तर ती जखम झपाट्याने बिघडते आणि डोळा जाऊ शकतो. म्हणून डोळा लाल असून पाणी येत असेल तर दुसऱ्याच दिवशी नेत्रतपासणी करून घ्यावी. जुन्नर-आंबेगाव-शिरूर पट्ट्यात बिबट्या उसातच राहतो आणि तिथेच पिल्ले घालतो. तोडीच्या वेळी पिल्ले दिसली तर हात न लावता मजुरांना बाजूला करून वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. लहान लेकरांना फडाच्या बांधावर एकटे झोपवून ठेवू नये.

चौथी पायरी: बाईची पिशवी आणि बाईचा खाडा

या विषयावर तळावर कोणी आपणहून बोलत नाही. २०१९ साली विधान परिषदेच्या उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीच्या कामात बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीतून १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले असल्याचे समोर आले. यामागचे कारण फडातच आहे. तळावर शौचालय नसते, पाणी लांबून आणावे लागते, पाळीत कापड बदलायला आडोसा नसतो, जड मोळीमुळे ओटीपोट आणि कंबर भरून येते. एक दिवस विश्रांती घ्यावी तर कोयत्याचा खाडा पडतो आणि दिवसाचा दंड कापला जातो. त्यातच अंगावरून पांढरे जाते म्हणून दाखवायला गेलेल्या बाईला ‘कॅन्सर होईल, पिशवी काढून टाका’ असे सांगितले जाते, आणि मुले झालेली आहेत, कटकट मिटेल, असा विचार करून कुटुंब उचलीवर आणखी उचल घेते.

तुम्ही तिला हे शांतपणे सांगा: पांढरे जाणे, कंबरदुखी किंवा अनियमित पाळी एवढ्यावरून गर्भाशय काढण्याची गरज ठरत नाही, यांतली बहुतेक दुखणी औषधाने बरी होतात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची प्राथमिक तपासणी सरकारी रुग्णालयात होते आणि ती झाल्याशिवाय भीतीपोटी निर्णय घेऊ नये. शस्त्रक्रिया सुचवलेली असेल तर सरकारी स्त्रीरोगतज्ज्ञाचे दुसरे मत घ्यावे आणि बीजांडकोश ठेवणार की काढणार, हे लिहून मागावे. ते कमी वयात काढले तर पाळी अकाली थांबते, हाडे ठिसूळ होतात, आणि कोयता धरणाऱ्या हातांना ते परवडणारे नाही.

खाड्याबाबत कायद्याचा आधार लक्षात ठेवा. वेतन संहितेनुसार मालकाला मनाला येईल तसा दंड करता येत नाही; आधी जाहीर केलेल्या कारणांसाठी, म्हणणे मांडण्याची संधी देऊनच दंड करता येतो आणि तो त्या पगार-कालावधीतील मजुरीच्या ३ टक्क्यांपेक्षा जास्त असता कामा नये. गैरहजर दिवसाची मजुरी न मिळणे वेगळे आणि वर पाचशे-हजार रुपये कापणे वेगळे. प्रत्येक खाड्याची तारीख, कारण आणि कापलेली रक्कम वहीत त्या बाईच्या पानावर लिहून ठेवा.

लैंगिक छळाची तक्रार आली तर ती तळावर मिटवायला बसू नका. २०१३ च्या कायद्याप्रमाणे असंघटित कामगार स्त्रीसाठी जिल्हाधिकाऱ्यांनी नेमलेली स्थानिक समिती असते आणि तिच्याकडे तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार द्यायची असते. तातडीची गरज असल्यास ११२ किंवा १८१ वर फोन करावा. तक्रार कधी द्यायची आणि द्यायची की नाही, हे त्या स्त्रीनेच ठरवावे.

पाचवी पायरी: काट्याची पावती

मजुरी टनावर ठरते आणि टन कारखान्याच्या काट्यावर ठरतो. तोडणारा माणूस मात्र फडात असतो. जानेवारी २०२४ मध्ये साखर संघ आणि कामगार संघटना यांच्यातील तडजोडीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली, मुकादमाचे कमिशन २० टक्के झाले आणि हा करार तीन वर्षांसाठी धरला गेला. गाडी सेंटर, टायरगाडी आणि डोकी सेंटर या तोडणी-वाहतुकीच्या पद्धतींचे दर वेगवेगळे असतात, म्हणून आपल्या टोळीला कोणता दर लागू आहे, तो हंगामाच्या सुरुवातीला कारखान्याच्या शेती विभागातून विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहावा. त्यानंतर प्रत्येक खेपेची तारीख, वाहनाचा क्रमांक आणि वजन लिहायचे. टोळीत आठवी-नववी शिकलेली एखादी सून किंवा मुलगी असतेच. हे काम तिच्याकडे द्या. शिरूरच्या एका टोळीत अशा एका मुलीने रोज रात्री चालकाकडून पावती मागून फोटो काढायला सुरुवात केली आणि हंगामाच्या शेवटी मुकादमाच्या हिशोबातून राहिलेल्या अकरा खेपा तिच्या फोनमधून निघाल्या. तिच्यासमोर वाद घालायला कोणी उभे राहिले नाही.

मालक कोण, हा प्रश्न पुढे हमखास येतो. कारखाना म्हणतो की आमचा करार वाहतूकदाराशी आहे, वाहतूकदार मुकादमाकडे बोट दाखवतो आणि मुकादम कारखान्याकडे. म्हणून थकलेल्या मजुरीचा अर्ज करताना तिघांनाही पक्षकार करावे. अर्ज कामगार विभागाच्या पुणे कार्यालयात द्यावा, त्याची प्रत शिवाजीनगरच्या साखर संकुलात साखर आयुक्तालयाला द्यावी आणि दोन्हीकडे आवक शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडू नये. वेतन संहितेखाली दाव्याची मुदत तीन वर्षांची आहे, तरी टोळी गावी परतण्याआधीच अर्ज दाखल व्हायला हवा.

सहावी पायरी: उचल फिटली नाही तर

उचल घेणे हा गुन्हा नाही आणि ती परत मागणेही गुन्हा नाही. मात्र उचलीच्या नावाखाली माणसाला अडकवून ठेवणे, दुसरीकडे कामाला जाऊ न देणे, बायको किंवा मुलगा ओलीस ठेवणे, वाहन वा बैल ओढून नेणे ही वेठबिगारीची लक्षणे आहेत. वेठबिगार पद्धती १९७६ च्या कायद्याने बंद झाली असून त्या कायद्याने असे कर्जही रद्द ठरते. किमान वेतनाहून कमी मजुरीवर राबवून घेणे ही सक्तीची मजुरीच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली आशियाई खेळांच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात स्पष्ट केले.

असे प्रकरण दिसल्यास स्वतः सुटका करायला जाऊ नका. जिल्हाधिकारी किंवा प्रांताधिकाऱ्यांना लेखी कळवा. चौकशी करणे आणि मुक्ततेचा दाखला देणे हे त्यांचे काम आहे. त्या दाखल्यावर केंद्राच्या पुनर्वसन योजनेतून तातडीची ३० हजारांपर्यंतची मदत आणि पुढे लाखांतील पुनर्वसन रक्कम मिळते. दाखला प्रत्येक व्यक्तीचा वेगळा असावा. इथेही ‘एक कोयता’ असा एकच कागद काढला जातो आणि बाईचा हक्क बुडतो. जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरण स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि वेठबिगारीतील पीडितांना उत्पन्न न पाहता मोफत वकील देते. त्यांचा क्रमांक १५१०० आहे.

अपघाताच्या बाबतीत थोडक्यात सांगायचे तर ट्रॅक्टर-ट्रॉली उलटली की त्याच दिवशी पोलिसांत नोंद हवी आणि जबाबात ‘ऊसतोडीच्या कामावर असताना’ किंवा ‘कामावर जाताना’ हे शब्द हवेत. मोटार अपघात दाव्यासाठी कायद्यात सहा महिन्यांची मुदत आहे, म्हणून वकील लगेच गाठावा. महामंडळाकडील अपघात मदतीचा अर्ज वेगळा करावा लागतो.

सातवी पायरी: लेकरे

शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे वर्षाच्या मध्येही प्रवेश द्यावा लागतो आणि गावच्या शाळेचा दाखला आला नाही म्हणून तो अडवता येत नाही. गावच्या मुख्याध्यापकांकडून शिक्षण हमी कार्ड मागवले की मुलाने कुठवर शिकले ते इथल्या शिक्षकाला कळते. पाचवीनंतरच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना आहे. ऊसतोड कामगारांच्या ४१ तालुक्यांत मुला-मुलींची मिळून ८२ वसतिगृहे मंजूर आहेत. आई-वडील जूनमध्ये गावी असतात, त्यामुळे प्रवेशाची तयारी तेव्हाच करावी लागते. बारा-तेरा वर्षांची मुलगी धाकट्याला सांभाळायला तळावर राहते, तिची शाळा सुटते आणि दोन वर्षांत तिचे लग्न लावून तिचाही कोयता होतो. तळावर पाळणाघर किंवा अंगणवाडीची सोय झाली की सर्वांत आधी या मुली शाळेत जाऊ लागतात, म्हणून एकात्मिक बालविकास प्रकल्प कार्यालयाकडे पहिला अर्ज त्याचाच द्या.

पट्टा पडायच्या, म्हणजे हंगाम संपायच्या, आधी आठ दिवस तळावर मुक्कामाला जा. त्या आठवड्यात हिशोब होतात, रात्रीतून ट्रक भरतात आणि माणसे निघून जातात. प्रत्येक बाईजवळ तिच्या नावाचे चार कागद आहेत का ते पाहा: खेपांच्या पानांचा फोटो, हिशोबाची सही केलेली प्रत, तपासणीचे केसपेपर आणि लेकरांच्या लसींची नोंद. प्लॅस्टिकच्या एका पिशवीत ते घालून पिशवी तिच्याच हातात द्या, आणि गावच्या आशाताईंचा फोन नंबर तुमच्या वहीत तिच्या पानावर लिहून घ्या, म्हणजे पुढच्या दसऱ्याला टोळी निघायच्या आधीच तुम्हाला फोन लावता येईल.